सेल लीक झालेला गेमबॉय आणि आत राहिलेला खेळ

जुना कन्सोल हातात आला की सेल घालून तो चालू होतोय का हे बघायची घाई होते. मी ती टाळते. आधी सेलचं झाकण उघडते आणि आत टॉर्च मारून बघते, कारण पुढचं निम्मं काम तिथेच ठरतं.

हा गेमबॉय, म्हणजे निन्टेन्डोचा हातात धरून व्हिडिओ गेम खेळायचा कन्सोल, १९८९ साली आलेल्या पहिल्या मॉडेलचा. करडा, जाडजूड, चार पेन्सिल सेलवर चालणारा. ‘बंद आहे, सुट्या भागांसाठी घ्या’ असं सांगूनच तो विकला गेला होता, सोबत एका पिशवीत थोडी कार्ट्रिजं, म्हणजे कन्सोलमध्ये खोचायच्या खेळांच्या डब्या. झाकण काढल्यावर कारण समोरच दिसलं. कोपऱ्यातल्या स्प्रिंगवर पांढरा भुसभुशीत थर आणि त्याच्या बुडाशी हिरवी-निळी कड. सेल आत ठेवूनच तो कित्येक वर्षं कपाटात पडला असणार.

अल्कलाइन सेलमध्ये पोटॅशियम हायड्रॉक्साइड असतं. ते पाझरलं की हवेतल्या कार्बन डायऑक्साइडशी अभिक्रिया होऊन पांढरं पोटॅशियम कार्बोनेट तयार होतं. हिरवा-निळा रंग येतो तो तांबं खाल्लं गेल्यामुळे. बरेच जण याला ॲसिड समजून त्यावर खायचा सोडा घासतात. त्याने काही होत नाही, कारण मुळात तो अल्क आहे. त्याला उतारा आम्लाचा, म्हणजे साध्या पांढऱ्या व्हिनेगरचा. हातमोजे आणि चष्मा घालूनच बसावं. ही पूड डोळ्यात जाता कामा नये.

बाहेरचे स्क्रू तीन पात्यांच्या खाचेचे असतात, ट्राय-विंग म्हणतात त्यांना. त्यासाठीचा स्क्रूड्रायव्हर आधी मिळवा. साध्याने जबरदस्ती केली की खाच झिजते आणि मग तो स्क्रू कशालाच दाद देत नाही. आत दोन बोर्ड आहेत, पुढच्या अर्ध्यात एक आणि मागच्यात एक, आणि दोन्ही एका चपट्या केबलने जोडलेले. झाकणं पुस्तकासारखी सावकाश उघडायची, केबल सॉकेटमधून सरळ ओढायची आणि मगच दोन्ही भाग वेगळे करायचे.

कॉटन बड व्हिनेगरमध्ये बुडवून पिळून घेतला आणि स्प्रिंगला टेकवला. लगेच बारीक बुडबुडे आले. फेस येतोय तोवर थर शिल्लक आहे, थांबला की संपला, इतकं ते सरळ आहे. त्यानंतर पाण्याने ओलसर केलेला बड फिरवला, व्हिनेगर मागे राहू नये म्हणून, आणि शेवटी ९९ टक्क्यांचं आयसोप्रोपिल अल्कोहोल. औषधाच्या दुकानातलं ७० टक्क्यांचं जखमेला ठीक आहे, पण त्यात पाणी बरंच असतं. बोर्डावर मी ते वापरत नाही. एक स्प्रिंग बारीक पॉलिश पेपरने घासून चकचकीत झाली. दुसरी बुडाशीच कुरतडली गेली होती, ती बदलावी लागली. तिचा जुना डाग, म्हणजे कथिलाचा जोड, नवं कथील धरतच नव्हता. क्षार चढलेल्या डागाचं असंच होतं. फ्लक्स (कथील नीट धरावं म्हणून लावतात ते) लावून जुनं कथील पूर्ण उपसून काढलं, तेव्हा कुठे नवा डाग नीट बसला.

सेल घातले, लाल दिवा लागला, आवाज आला. स्क्रीनवर मात्र उभ्या रेघा गायब होत्या, अक्षरांमधून पट्ट्या कापून नेल्यासारख्या. या मॉडेलमध्ये हे फार दिसतं आणि बहुतेक वेळा काच शाबूत असते. स्क्रीनच्या खालच्या कडेला एक पातळ रिबन चिकटवलेली असते, तिची पकड वर्षानुवर्षांत सुटते. सोल्डरिंग आयर्नचं तापमान कमी ठेवून, गेमबॉय चालू असतानाच, टोक त्या रिबनवरून हलक्या हाताने सरकवायचं. एकेक रेघ परत येताना डोळ्यांसमोर दिसते. थोडं दाबलं की येते, उचललं की जाते, पुन्हा सरकवलं की टिकते. हे काम मला मनापासून आवडतं. आडव्या रेघा गेल्या असतील तर मात्र प्रकरण वेगळं. ती जोडणी बाजूला असते, नाजूक असते, आणि तिला मी हात लावत नाही.

त्याच खरेदीत एक सुपर फॅमिकॉमही होता, टीव्हीला जोडायचा निन्टेन्डोचाच कन्सोल, १९९० सालच्या पिढीचा. वरचं झाकण पिवळं, खालचं अजून राखाडी. एबीएस प्लास्टिकमध्ये आग लवकर पकडू नये म्हणून ब्रोमीनची संयुगं घालत. ऊन आणि हवा लागून प्लास्टिक पिवळं पडतं, आणि दोन भाग वेगळ्या घाण्यातले असले की पिवळेपणाही वेगळा. हायड्रोजन पेरॉक्साइड लावून उन्हात ठेवलं की रंग उतरतो हे खरं आहे. पण कधी चट्टे पडतात, आणि पिवळेपणा हळूहळू परतही येतो. मी तो साबणाच्या पाण्याने धुतला, कडांमधला मळ मऊ ब्रशने काढला आणि पिवळाच ठेवला.

कार्ट्रिजं चालत नसली की तोंडाने फुंकर मारायची सवय सगळ्यांना आहे. फुंकर मारल्यावर चालतं ते बहुधा कार्ट्रिज काढून पुन्हा घातल्यामुळे. तोंडाची वाफ मात्र पिनांवर राहते आणि गंजाला मदत करते. अल्कोहोलचा बड पिनांच्या लांबीच्या दिशेने फिरवायचा, काळा निघेनासा होईपर्यंत. पितळ चकचकीत करायचं पॉलिश लावू नये, ते पिनांवरचा सोन्याचा पातळ मुलामा खरवडतं. पिशवीतली बहुतेक कार्ट्रिजं एवढ्यावरच सुरू झाली.

आणि मग पोकेमॉन गोल्ड. १९९९ साली जपानमध्ये आलेला हा खेळ घड्याळावर चालतो, खेळातही दिवस आणि रात्र होते. त्यामुळे कार्ट्रिजमधला सपाट सेल खेळ जपून ठेवतो आणि घड्याळही चालवतो, म्हणून तो लवकर संपतो. या पिढीच्या कार्ट्रिजांत तो गेलेलाच असेल असं धरून चालावं. पण इथे ‘कंटिन्यू’ दिसलं, म्हणजे जपलेला खेळ अजून शाबूत होता. आत कुणीतरी दोनशेच्या वर तास खेळलेलं होतं. सहाही पोकेमॉनना स्वतः ठेवलेली नावं, एकालाही मूळ नाव नाही. कार्ट्रिज उघडून मीटर लावला, तर ३ व्होल्टच्या सेलवर आकडा बराच खाली आलेला. फार काळ टिकणारं ते नव्हतं.

सेल काढला की ते सगळं पुसलं जाणार होतं. खेळ साठवणाऱ्या त्या चिपला सतत वीज लागते. कार्ट्रिज चालू ठेवून सेल बदलणारे लोक आहेत, पण आयर्नचं टोक किंचित सरकलं की संपलं. मी आधी कार्ट्रिज रीडर लावला, सेव्हची प्रत कॉम्प्युटरवर घेतली, पुन्हा एकदा घेतली आणि दोन्ही जुळतात का ते पडताळलं. त्यानंतरच आयर्न तापवला.

सेल लागतो सीआर२०२५, म्हणजे २० मिलिमीटर व्यासाचा आणि अडीच मिलिमीटर जाडीचा. सीआर२०३२ सहज मिळतो म्हणून तो घालू नये, ३.२ मिलिमीटर जाडीने कव्हर फुगतं. पट्ट्या आधीच वेल्ड केलेला सेल घ्यायचा आणि डाग पट्ट्यांवर मारायचा. लिथियमच्या सेलवर थेट उष्णता देणं धोक्याचं आहे, तो फुटू शकतो. बसवताना अधिक-उणे दोनदा बघितलं, बोर्डावर खूण छापलेली असते.

प्रत परत कार्ट्रिजमध्ये भरली, घड्याळाची वेळ नव्याने लावली, रात्रभर बंद ठेवलं आणि सकाळी चालू केलं. सहाही नावं जागेवर होती. मला स्वतःला हा खेळ पहिल्यापासून खेळायचा आहे, पण या कार्ट्रिजमध्ये एकच सेव्ह मावतो आणि नवा खेळ जपला की जुना जाईल. कॉम्प्युटरवर प्रत आहे, तरीही मला तो कार्ट्रिजमधून पुसायचा नाही. म्हणून आता माझ्यासाठी दुसरं कार्ट्रिज शोधतेय. गोल्डच्या जोडीचं पोकेमॉन सिल्व्हर मिळालं तरी चालेल.