परभणी ते लंडन : बाराशे टप्पे

"मुंबईहून लंडन किती टप्पे गं?" तिकीट काढलं त्या संध्याकाळी अण्णांचा पहिला प्रश्न हाच. तीस वर्षं एसटीत कंडक्टर होते. एसटीचा एक टप्पा सहा किलोमीटरचा, आणि अंतर त्यांना टप्प्यातच कळतं. मी सांगितलं, सरळ रेषेत साधारण ७,२०० किलोमीटर. त्यांनी जुन्या वहीच्या मागच्या पानावर भागाकार मांडला. बाराशे. मग बराच वेळ त्या आकड्याकडे बघत राहिले. "इतक्या लांबचं तिकीट मी कधी फाडलं नाही," म्हणाले. धाकटा तिथंच असतो, चार वर्षं झाली.

गुडघ्यांमुळे आई आली नाही. आम्ही दोघंच रात्री आठच्या गाडीत बसलो. परभणी ते मुंबई रेल्वेनं साडेपाचशे किलोमीटर, पण आपल्याकडे रूळ एकेरी. समोरून गाडी यायची असली की क्रॉसिंगला थांबायचं. सेलूच्या पुढे अशीच अर्धा तास उभी होती गाडी; बाहेर किर्र अंधार, मृग लागून गेला तरी पावसाचा वास नाही. ठाण्याला उतरेपर्यंत अकरा तास झाले.

विमान दुपारी दीडला सुटलं. अण्णा डावीकडच्या खिडकीशी, मांडीवर वही. समोरच्या पडद्यावरचा वेग बघून त्यांनी हिशेब केला: ताशी नऊशे, म्हणजे आठ तासांत पोचायला हवं. मग साडेनऊ का? एक तर रस्ता सरळ नाही. एप्रिल २०२५ पासून पाकिस्तानचं आकाश भारतीय विमानांना बंद आहे, म्हणून आमचं विमान अरबी समुद्रावरून वळसा घेऊन गेलं. दुसरं म्हणजे वारा. दहा-अकरा किलोमीटर उंचीवर पश्चिमेकडून पूर्वेकडे जोराचे वारे वाहतात; जाताना ते तोंडावर येतात, येताना पाठीशी. त्यामुळे परतीला तासभर तरी कमी लागतो. हे अण्णांना लगेच पटलं. सायकलवर डेपोला जायचे ना ते.

आईनं बांधून दिलेले धपाटे खाल्ले, झोप काढली, तरी खिडकीत ऊन तसंच.

"सूर्य बुडंना की गं."

आम्ही त्याच्याच मागे निघालो होतो, तो बुडणार कसा! अण्णांच्या घड्याळात रात्रीचे अकरा वाजले तेव्हा विमान उतरलं. लंडनला संध्याकाळचे साडेसहा. जूनमध्ये तिथं सव्वानऊच्या पुढे सूर्यास्त होतो. मी घड्याळ मागे करायला मागितलं, त्यांनी दिलं नाही.

रांगा, शिक्के, सामान यात दीड तास गेला. धाकटा दारातच उभा होता. अण्णांनी त्याच्या पाठीवरून दोनदा हात फिरवला, मग वही काढून वेबिल भरावं तशी पोचल्याची वेळ लिहिली आणि घरी फोन लावायला सांगितलं.

"पोचलो. उजेड हाय इथं अजून."

परभणीत साडेबारा वाजून गेले होते. पहिल्या रिंगला फोन उचलला आईनं.