कॅटॅलिस्ट बाहेर काढला, तरी रिअ‍ॅक्शन चालूच

कुरकुंभ एमआयडीसीत इंटरमीडिएट, म्हणजे पुढचं रसायन करायला लागणारा मधला माल, बनवणाऱ्या एका कंपनीच्या आर अँड डी मध्ये मी काम करते. आमच्या प्लांटचं सगळ्यात जुनं काम म्हणजे नायट्रोचं अमाइन करणं, म्हणजे रेणूतल्या नायट्रोजनवरचे ऑक्सिजन काढून हायड्रोजन बसवणं (अ‍ॅनिलीन हे असंच एक अमाइन), आणि ते आजही लोखंडाच्या भुकटीनेच होतं. ही पद्धत बेशां नावाच्या फ्रेंच केमिस्टने 1854 मध्ये दिली, म्हणजे पावणेदोनशे वर्षांच्या आसपास झाली तरी ती चालूच आहे, कारण स्वस्त आहे आणि कुठल्याही ऑपरेटरला जमते. त्यातून निघतो तो काळा स्लज. सरळ केमिस्ट्रीचा हिशोब केला तर 1 किलो अ‍ॅनिलीनमागे जवळपास 1.9 किलो कोरडं आयर्न ऑक्साइड पडतं, वर ओलावा, न वापरलेलं लोखंड आणि त्याला चिकटलेलं ऑर्गॅनिक वेगळं. तेच काम हायड्रोजनने केलं तर सोबत फक्त पाणी निघतं, तेही 1 किलोमागे 400 ग्रॅमपेक्षा कमी. स्लजच्या गाड्या भरून घातक कचऱ्याच्या केंद्राकडे जाताना बघितल्या की ग्रीन केमिस्ट्री हा सेमिनारमधला विषय राहत नाही. रॉजर शेल्डन यांनी 1992 मध्ये ई फॅक्टर मांडला, म्हणजे 1 किलो माल बनवताना किती किलो कचरा होतो तो आकडा, आणि औषध उद्योगासाठी त्यांनी तो 25 ते 100 च्या वर दाखवला होता. बाहेरच्या माणसाला तो आकडा ऐकून धक्का बसतो, आम्हाला नाही, आम्ही तो रोज फिल्टर प्रेसमधून काढतो.

तर आमच्याकडे एका विद्यापीठातल्या ग्रुपकडून चुंबकीय नॅनोकॅटॅलिस्टचं सॅम्पल आलं. कॅटॅलिस्ट म्हणजे स्वतः न संपता रिअ‍ॅक्शनचा वेग वाढवणारा पदार्थ. आतला गाभा मॅग्नेटाइटचा, म्हणजे लोखंडाचे दोन क्षार 1 ला 2 प्रमाणात घेऊन त्यात अमोनिया टाकला की जो काळा साका बसतो तोच, त्यावर सिलिकाचा थर, थरावर अमाइनचे हात, आणि त्या हातांनी धरलेले पॅलेडियमचे बारीक कण. मजा अशी की बेशांच्या स्लजमध्ये पण मुख्यतः मॅग्नेटाइटच असतं! एकीकडे ते आम्ही पैसे देऊन गाडण्यासाठी पाठवतो आणि दुसरीकडे त्याच पदार्थाचे 10 नॅनोमीटरच्या आसपासचे कण कॅटॅलिस्टची खुर्ची होतात. एवढे लहान कण चुंबक जवळ असेपर्यंतच चुंबकासारखे वागतात, चुंबक काढला की परत मोकळे होऊन पसरतात, त्यामुळे गोळे होत नाहीत. बाटलीला बाहेरून चुंबक लावला की काळंकुट्ट द्रावण बघता बघता स्वच्छ होतं आणि सगळा कॅटॅलिस्ट काचेच्या एका बाजूला जाऊन बसतो. पहिल्यांदा बघितलं तेव्हा अख्खी लॅब जमा झाली होती, प्लांटमधले सिनियर ऑपरेटर काका पण येऊन दोनदा करून बघून गेले.

काकांना त्याचं महत्त्व आमच्यापेक्षा जास्त कळलं असं मला वाटतं, कारण पॅलेडियम कार्बन, म्हणजे कोळशाच्या भुकटीवर बसवलेलं पॅलेडियम, फिल्टर करण्याची भीती त्यांना माहितीये. हायड्रोजनेशन झाल्यावर फिल्टरवर उरलेला तो केक कोरडा पडला आणि मिथेनॉलची वाफ आजूबाजूला असली तर पेट घेऊ शकतो, म्हणून तो सतत ओला ठेवायचा, नायट्रोजनखाली फिल्टर करायचा, आणि तरी बारीक कण कापडात अडकून फिल्टर चोक होतोच. फिल्टरच न करता वेसलमध्येच कॅटॅलिस्ट धरून ठेवायचा, वरचं द्रावण काढून घ्यायचं आणि पुढची बॅच त्यातच टाकायची, ही गोष्ट सेफ्टीच्या दृष्टीनेच केवढी मोठी आहे.

सॅम्पलसोबत डेटा आला होता. त्यात नेहमीचा बार ग्राफ, पहिल्या वापरापासून पाचव्या वापरापर्यंत यील्ड, म्हणजे हाती आलेला माल, जवळजवळ सारखा, आणि तो सगळा डेटा सुझुकी कपलिंगचा. सुझुकी म्हणजे एका बाजूला हॅलोजन असलेली रिंग आणि दुसऱ्या बाजूला बोरॉनिक अ‍ॅसिड असलेली रिंग, पॅलेडियम त्या दोघांना जोडतं. 2010 चं नोबेल याच घराण्याच्या रिअ‍ॅक्शनना मिळालं, हेक, नेगिशी आणि सुझुकी या तिघांना. रक्तदाबाच्या सार्टन गोळ्यांमधला बायफिनाइलचा सांगाडा असाच जोडता येतो, म्हणून आमच्या मॅनेजर सरांना आधी तिथेच वापरायची घाई होती. मी म्हटलं सर एक दिवस द्या, गरम फिल्ट्रेशन करून बघू आणि मग काय ते ठरवू.

ज्यांनी केलं नाही त्यांच्यासाठी सांगते. रिअ‍ॅक्शन अर्ध्यावर आली की कॅटॅलिस्ट बाहेर काढायचा, पण द्रावण गार होऊ न देता, त्याच तापमानाला, आणि उरलेलं स्वच्छ द्रावण दुसऱ्या गरम फ्लास्कमध्ये तसंच ढवळत ठेवायचं. काम खरंच कणांच्या पृष्ठभागावर होत असेल तर तिथे रिअ‍ॅक्शन थांबली पाहिजे. थांबली नाही तर पॅलेडियम कणांवरून सुटून द्रावणात उतरलंय आणि खरं काम तेच करतंय.

माझ्यासोबत कोल्हापूरकडचा एक पोरगा होता, एमएस्सी करून नुकताच लागलेला, हात अतिशय स्वच्छ. सकाळी आल्या आल्या त्याने ओव्हरहेड स्टरर लावून ठेवला होता, कारण चुंबकीय कॅटॅलिस्ट असताना नेहमीची स्टरिंग बार टाकली की अर्धा कॅटॅलिस्ट तिलाच चिकटून बसतो, आणि जुनी बार असेल तर अजून एक भानगड. तिच्या टेफ्लॉनच्या बारीक भेगांमध्ये आधीच्या रिअ‍ॅक्शनचं पॅलेडियम अडकलेलं असतं, मॉस्कोच्या अनानिकोव यांच्या ग्रुपने 2019 मध्ये हे नीट दाखवलंय. शेजारी एक फ्लास्क कॅटॅलिस्ट न टाकता, बाकी सगळं तेच. हा ब्लँक मी कधीच सोडत नाही. 2003 मध्ये लीडबीटर यांच्या ग्रुपचा मेटलशिवाय सुझुकी झाली असा एक पेपर आला होता, खूप गाजला, आणि 2005 मध्ये त्याच ग्रुपने स्वतःच शोधून काढलं की वापरलेल्या सोडियम कार्बोनेटमध्ये 50 पीपीबी पॅलेडियम होतं आणि तेवढंच पुरेसं होतं. पीपीबी म्हणजे अब्जात एक भाग, पीपीएमसारखा दहा लाखात एक नाही! स्वतःचा गाजलेला निष्कर्ष स्वतः तपासून तो जगासमोर मांडला याचं मला फार अप्रूप आहे, नवीन मुलांना मी हे आवर्जून सांगते.

इथेनॉल आणि पाणी, पोटॅशियम कार्बोनेट, 80 डिग्री. हे सॉल्व्हंट मुद्दाम घेतलं कारण बेस त्यात विरघळतो. नाहीतर फिल्टर करताना बेसच मागे राहतो, रिअ‍ॅक्शन बेस नाही म्हणून थांबते आणि आपण खुश होतो की कॅटॅलिस्ट एकदम पक्का आहे. जीसीवर, म्हणजे मिश्रणातले घटक वेगळे करून मोजणाऱ्या यंत्रावर, निम्मं कन्व्हर्जन दिसल्यावर आम्ही चुंबक लावला, वरचं अर्धं गरम द्रावण आधीच तापवलेल्या सेलाइट या गाळायच्या भुकटीमधून आणि मग 0.2 मायक्रॉनच्या फिल्टरमधून घेतलं, थेट 80 डिग्रीच्या फ्लास्कमध्ये, नायट्रोजनखाली. उरलेलं अर्धं मी त्याला म्हटलं तिथेच कॅटॅलिस्टसोबत गार होऊ दे, तासाभराने फिल्टर कर आणि मग परत 80 ला ने. त्याला वाटलं हे कशाला. म्हटलं बघू.

जीसीचं पहिलं इंजेक्शन आलं तेव्हा तो प्रिंटआउट घेऊन माझ्या टेबलापाशी आला आणि काही बोललाच नाही, नुसता कागद ठेवला. गरम फिल्टर केलेल्या फ्लास्कमध्ये प्रॉडक्टचा पीक वाढलेला. पाण्यासारखं स्वच्छ द्रावण, चुंबक लावला तर काही हलत नाही, आणि रिअ‍ॅक्शन आपली पुढे चालली आहे. पुढचं सॅम्पल अजून वर. ब्लँक मात्र शून्याला चिकटून, म्हणजे बेस आणि भांडी दोन्ही निर्दोष.

"मॅडम, कण फिल्टरमधून गेले असतील का?"

प्रश्न बरोबर होता आणि त्याने तो स्वतःहून विचारला याचा मला आनंद झाला. म्हटलं दोन्ही मेटल बघायला पाठव, पॅलेडियम पण आणि लोखंड पण. अख्खा कण निसटला असेल तर त्याच्यासोबत लोखंड त्याच प्रमाणात यायला पाहिजे. रिपोर्ट नंतर आला, आयसीपीवर, म्हणजे द्रावणातले धातू मोजणाऱ्या यंत्रावर, पॅलेडियम स्पष्ट होतं आणि लोखंड नावालाच, म्हणजे खुर्ची जागेवर आणि बसणारा उठून गेलेला.

पण खरी गंमत दुपारी झाली. गार करून फिल्टर केलेला भाग परत 80 ला तापवला, बेस आहे, कच्चा माल आहे, सगळं आहे, आणि रिअ‍ॅक्शन जवळजवळ ठप्प. एकाच फ्लास्कमधून निघालेली दोन द्रावणं, फरक फक्त फिल्टर करतानाच्या तापमानाचा, आणि दोन अगदी उलटे निष्कर्ष. गार केलेलाच बघितला असता तर कॅटॅलिस्ट शंभर टक्के हेटेरोजिनिअस, म्हणजे द्रावणात न उतरता कणावरच काम करणारा, आहे असं आम्ही लिहून मोकळे झालो असतो. होतं असं की गरम असताना एरिल हॅलाइड, म्हणजे ती हॅलोजनवाली रिंग, पॅलेडियमला कणावरून ओढून द्रावणात घेतं, जोडणीचं काम तिथे होतं, आणि हॅलाइड संपलं किंवा गार झालं की ते परत येऊन सिलिकावर बसतं, एसटी सकाळी डेपोतून सुटते आणि रात्री मुक्कामाला परत येते तसं. रात्री डेपो बघितला तर सगळ्या गाड्या जागेवर. म्हणून पाच वापरांचा तो ग्राफ खोटा नव्हता, फक्त त्यातून जे समजलं जातं ते त्याने कधी सांगितलंच नव्हतं.

आणि त्या ग्राफबद्दल अजून एक. प्रत्येक वापर रात्रभर चालवून शेवटचा यील्ड मोजला तर कॅटॅलिस्ट निम्मा मेला तरी यील्ड तोच येतो, कारण वेळच भरपूर दिलाय. आम्ही सुरुवातीच्या पंधरा मिनिटांचा वेग मोजला, नव्या कॅटॅलिस्टचा आणि काही वेळा वापरलेल्याचा, वापरलेल्याचा वेग उघड कमी होता. रियुजेबल हा शब्द लिहायचा तर वेगाचा आकडा सोबत पाहिजे, असं माझं स्पष्ट मत झालंय, आणि पेपर तपासणाऱ्यांनी तो मागितलाच पाहिजे.

आमच्यासाठी हा वाद पुस्तकी नाहीये. तोंडाने घ्यायच्या औषधात पॅलेडियमची मर्यादा दिवसाला 100 मायक्रोग्रॅम आहे, डोस 10 ग्रॅमचा धरला तर 10 पीपीएम. द्रावणात उतरलेलं सगळंच परत डेपोत येत नाही, थोडं प्रॉडक्टसोबत जातं, मग ते काढायला थायॉल, म्हणजे सल्फरचे गट, लावलेलं सिलिका वापरा, त्याचा खर्च, त्याचा कचरा, आणि ई फॅक्टरचा केलेला फायदा तिथेच संपायला लागतो.

मॅनेजर सरांचा चेहरा पडला होता, पण मी त्यांना म्हटलं थांबा, कॅटॅलिस्ट टाकून देऊ नका, नायट्रोवर बघू. तिथे हॅलाइड नाही, वर हायड्रोजनचं वातावरण, पॅलेडियम धातूच्याच रूपात राहायला सगळी अनुकूल परिस्थिती. संध्याकाळी छोट्या ऑटोक्लेव्हमध्ये, म्हणजे दाब सहन करणाऱ्या बंद भांड्यात, साधं नायट्रो लावलं, अर्ध्यावर आल्यावर डिप ट्यूबमधून गरम सॅम्पल फिल्टरमधून दुसऱ्या वेसलमध्ये ढकललं आणि त्यावर परत हायड्रोजनचं प्रेशर दिलं. प्रेशर गेजचा काटा हलला नाही. अर्धा तास, एक तास, काटा तिथेच, आणि कॅटॅलिस्ट असलेल्या ऑटोक्लेव्हमध्ये मात्र हायड्रोजन भराभर खाल्ला जातोय. तो पोरगा शिफ्टची बस सोडून थांबला होता, म्हणाला मॅडम इथे बसलाय तो जागेवर. अमाइन तयार झालं की तेही पॅलेडियमला धरून उचलू शकतं ही शंका मला होती म्हणून तेही द्रावण आयसीपीला पाठवलं, तिथे पॅलेडियम मोजण्याच्या मर्यादेच्या खाली आलं.

म्हणजे तोच कॅटॅलिस्ट एका रिअ‍ॅक्शनमध्ये नुसता साठा आणि दुसरीत खरा कामगार. नुसत्या बाटलीवर रियुजेबल लिहून भागत नाही, कुठल्या रिअ‍ॅक्शनमध्ये ते सोबत लिहावं लागेल. विद्यापीठातल्या सरांना मी फोनवर सगळं सांगितलं, दोन्ही क्रोमॅटोग्राम पाठवले, त्यांनी बारकाईने प्रश्न विचारले आणि आता त्यांचे विद्यार्थी सल्फरचे हात लावून पॅलेडियम जास्त घट्ट धरता येतं का ते बघतायत, वेग थोडा कमी होईल हे धरूनच.

आमच्याकडे सुझुकीचा विषय सध्या बाजूला आहे आणि नायट्रोची मोठ्या ऑटोक्लेव्हमधली ट्रायल लागली आहे, काका वेसलच्या बाहेरून बसवायच्या चुंबकाचं स्टँड वर्कशॉपमधून करून घेतायत. फक्त एक गोष्ट मी ट्रायल शीटवर लाल अक्षरात लिहिलीये, रिंगवर क्लोरीन असलेले प्रॉडक्ट यात घ्यायचे नाहीत, पॅलेडियम आणि हायड्रोजन मिळून क्लोरीन पण तोडतात आणि लोखंडाची भुकटी ते तोडत नाही, बेशां इतकी वर्षं टिकून आहे त्याचं हेही एक मोठं कारण. त्या प्रॉडक्टसाठी प्लॅटिनमचं सॅम्पल मागवलंय, आल्यावर पहिलं गरम फिल्ट्रेशन, बाकी सगळं नंतर.