माडाच्या शेंड्यातील चिमटेकिडे: चौथ्या महिन्याची नोंद

नोव्हेंबरपासून गोव्यातील फोंडा तालुक्यातील आमच्या कुळागरात, म्हणजे माड-पोफळींच्या बागेत, मी ईअरविगांची, म्हणजे पोटाच्या टोकाला चिमटा असलेल्या किड्यांची, नोंद ठेवत आहे. आजवर अकरा नमुने जमले असून या वेळची नोंद मुख्यतः एका दुरुस्तीची आहे. पाडेलीने (नारळ काढणाऱ्याने) माडावरून उतरवलेल्या जुन्या चुडतांच्या (झावळ्यांच्या) बेचक्यांत मिळालेले सहाही काळे किडे मी चिमट्याचा बाक पाहून फॉर्फिक्युलिडी कुलात घातले होते. त्यांपैकी पाच केलिसोकिडी या उष्ण प्रदेशांतील कुलाचे निघाले.

मॅल्कम बर यांनी भारतातील ईअरविगांवर १९१० मध्ये प्रसिद्ध केलेला खंड पुन्हा वाचताना शंका आली आणि मी चिमटा सोडून पावलाकडे वळलो. दोन्ही कुलांत पावलाचे तीन खंड असतात आणि निकाल मधल्या खंडावर लागतो. फॉर्फिक्युलिडीत तो दोन्ही बाजूंना पसरून बदामाच्या आकाराचा होतो. केलिसोकिडीत तो रुंदावत नाही, तर त्याची एक अरुंद जीभ तिसऱ्या खंडाच्या खालून पुढे गेलेली असते. वरून पाहताना ही जीभ तिसऱ्या खंडाआड जाते, म्हणून दहापट भिंगातून मला ती कधी दिसलीच नव्हती. किडा कुशीवर ठेवून, दिव्याचा प्रकाश बाजूने सोडून, चाळीसपट मोठे करून पाहिले तेव्हा खालून डोकावणारे तिचे टोक स्पष्ट दिसले. तो क्षण मला फार मोलाचा वाटतो.

दोन नमुन्यांची मागची पावले मात्र गेली. डिसेंबरात मी ते ९५ टक्के अल्कोहोलमध्ये ठेवले होते. त्यात सांधे ताठरले आणि सुईचा स्पर्श होताच पाय तुटले. आता पाय तपासायचे नमुने मी ७० टक्क्यांत ठेवतो, आणि नव्याने सुरुवात करणाऱ्यांनीही तसेच करावे.

चिमट्यावर विसंबू नये, याचे आणखी एक कारण पाहा. एकाच जातीच्या नरांत तो आकारमानाप्रमाणे बदलतो, तर मादीत बहुधा सरळ व साधा असतो. पाचांपैकी सरळ चिमट्याचे दोन किडे मी वेगळी जात मानत होतो. पोटाचे खंड मोजले तर आठच भरले, नरांत ते दहा दिसतात. म्हणजे त्या माद्या होत्या.

जातीचे नाव मी अजून लिहिलेले नाही. काळा रंग आणि मिशीच्या टोकाकडील फिकट कडे पाहता केलिसोकीस मोरिओ आठवते. फॅब्रिसियस यांनी १७७५ मध्ये तिचे वर्णन केले तेव्हा तीही फॉर्फिक्युला या प्रजातीतच घातली होती. परंतु नराचे जननांग तपासल्याशिवाय चिठ्ठीवर नाव चढवणे मला मान्य नाही. त्या तपासणीत या दोन कुलांतला फरक मात्र ठरणार नाही, कारण ही दोन्ही कुले नराला एकच शिश्नखंड असणाऱ्या गटात मोडतात, तर पिजिडिक्रॅनिडीसारख्या प्राचीन समजल्या जाणाऱ्या कुलात ते दोन असतात.

उरलेला सहावा किडा मादी आहे; ती परवा विहिरीकडच्या माडाखाली, कुजत्या चुडताच्या देठाखाली अंड्यांसह सापडली. बुरशी धरू नये म्हणून ती एकेक अंडे तोंडात धरून चाटत होती. देठ होता तसा परत ठेवला आहे. तिचे पाऊल पिल्ले पांगल्यावरच पाहीन.