हिब्रू नोंदवही: आकड्यांची गाठ सैल झाली

शेवटी किल्ली सापडली, आणि तीही रोजच्या शुभेच्छांमध्ये!

दुखणं जुनंच. तीन ते दहा हे आकडे हिब्रूत उफराटे चालतात. विशेषणात जो 'आ' स्त्रीलिंगाची खूण, तोच आकड्याला लागला की आकडा पुल्लिंगी. तिघे मुलगे म्हणजे 'श्लोशा बानिम', तिघी मुली म्हणजे 'शालोश बानोत'. आपल्याकडे तिघे-तिघी आहेच, म्हणून माणसं मोजताना अडत नाही. काळ मोजायला घेतला की घोळ. तीन आठवडे म्हणजे 'श्लोशा शावुओत': 'ओत' बहुधा स्त्रीलिंगी अनेकवचनाचा, पण आठवडा पुल्लिंगी. तीन वर्षं म्हणजे 'शालोश शानिम': 'इम' बहुधा पुल्लिंगी, पण वर्ष स्त्रीलिंगी. अनेकवचनावर भरवसा ठेवून लिंग ठरवायला गेलं की आकडा हमखास चुकतो.

आता शुभेच्छा बघा. 'तोव' म्हणजे चांगला, 'तोवा' म्हणजे चांगली. शाबाथ (ज्यूंचा आठवड्याचा विश्रांतीचा दिवस) संपला की 'शावुआ तोव', नव्या वर्षाला 'शाना तोवा'. दोन्ही नामं कानाला 'आ'नेच संपतात, पण 'तोव' आणि 'तोवा' लगेच लिंग सांगून टाकतात. 'लैला तोव' म्हणताना तर रात्र चक्क पुल्लिंगी, म्हणून तीन रात्री 'श्लोशा लेलोत'. अनेकवचनातही विशेषण नामाच्या शेपटाला भुलत नाही: 'शावुओत तोविम', 'शानिम तोवोत'. हे पहिल्यांदा मोठ्याने म्हटलं तेव्हा फार आनंद झाला.

म्हणून आन्की या पाठांतराच्या ॲपमधली, लिंगानुसार रंगवलेली निळी-गुलाबी कार्डं काढून टाकतेय. रंग डोळ्यांना आठवतो, जिभेला नाही. नव्या कार्डावर नाम एकटं नसेल, तोव किंवा तोवा सोबत हवंच. एक लोकप्रिय ॲप अजून सुटे शब्दच घोकायला लावतं, लिंगाचा पत्ता नाही. माझ्या मते तो वेळ वाया जातो. क्रियापदांसाठी मात्र 'पेआलिम' या संकेतस्थळाला तोड नाही, सगळी रूपं स्वरचिन्हांसकट मिळतात. 'अनी लोमेद', 'अनी लोमेदेत' हे आपल्या शिकतो-शिकतेमुळे आपसूक बसलं. भूतकाळात तर 'लामादती' दोघांनाही चालतं, तिथे मराठीपेक्षा सोपं.

बाजारात पाच शेकेलना (शेकेल हे इस्राएलचं चलन) पुष्कळ लोक 'खामेश शेकेल' म्हणून मोकळे होतात. शेकेल पुल्लिंगी, त्यामुळे नियमाने 'खामिशा श्कालिम'. मी आधी नियमाचं पक्कं करणार, बोलीतली सूट नंतर.

पुढे 'मा श्लोमखा' आणि 'मा श्लोमेख' घ्यायचं ठरवलं होतं. पुरुषाला आणि बाईला 'कशी आहे तब्येत' विचारायची ही दोन रूपं, स्वरचिन्हांशिवाय लिहिली की अक्षरं तीच. पण लिहिता लिहिता सुचलं: याद, आयिन, ओझेन, रेगेल, म्हणजे हात, डोळा, कान, पाय, जोडीने असणारे हे अवयव स्त्रीलिंगी आहेत आणि 'श्तेई यादायिम' म्हणत दोनचा आकडाही पक्का होतो. आधी ही थप्पी. कुणी केली असेल तर कार्डावर विशेषण कुठलं घेतलंत ते सांगा, हाताला 'तोवा' लावून बरं वाटत नाहीये.