अडकलेली पुंगळी आणि जालन्याचा पुलर

जालन्याच्या जुन्या एमआयडीसीत दादांचं ऑइल इंजिन आणि मोटारी दुरुस्तीचं दुकान आहे. शाळा सुटली की मी तिथंच असायचो. शाफ्टवर जाम बसलेलं बेअरिंग काढायला कुणी हातोडी उचलली की दादा ओरडायचे, "पुलर लाव, पुलर!" गेल्या ऑगस्टमध्ये स्वीडनमध्ये, ओस्टरसुंडजवळच्या आमच्या शेजाऱ्यांच्या गॅरेजात मला ते वाक्य जसंच्या तसं आठवलं.

शेजारचे आजोबा दर सप्टेंबरात गावच्या टोळीबरोबर मूसच्या शिकारीला जातात. मूस म्हणजे आपल्या रोह्याहून (नीलगायीहून) कितीतरी थोराड जनावर. इथं शिकारीसाठी परीक्षा द्यावी लागते, बंदुकीचा परवाना पोलिसांकडून घ्यावा लागतो आणि बंदूक कुलुपाच्या पोलादी कपाटात ठेवावी लागते. परवाना आजोबांच्या नावावर, म्हणून जे काही केलं ते त्यांच्या समोर, त्यांच्या परवानगीनं.

रायफल स्वीडिश माउझर, १८९६ च्या मॉडेलची. तिच्यावर एस्किल्स्टुनाच्या कार्ल गुस्ताफ कारखान्याचं नाव आणि १९१५ साल कोरलेलं. दुखणं असं, की बार निघाल्यावर बोल्टची (नळीचं मागचं तोंड बंद करणाऱ्या सरकत्या दांड्याची) मूठ उचलायला जड जाते. जोर लावून बोल्ट ओढला तर तो रिकामाच मागं येतो, पुंगळी (काडतुसाचं रिकामं पितळी टरफल) चेंबरमध्येच (नळीतल्या काडतूस बसायच्या जागेतच) राहते. मग नळीच्या तोंडातून सळई घालून ती ढकलायची. आजोबांचं निदान ठरलेलं होतं: एक्स्ट्रॅक्टरचा, म्हणजे पुंगळी ओढून काढणाऱ्या पट्टीचा, आकडा झिजला, कानस मारू.

मी त्यांना थांबवलं. मॅगझिन आणि चेंबर रिकामं असल्याची दोघांनी खात्री केली आणि दादांना व्हिडिओ कॉल लावला. दादांनी अशी रायफल कधी हातात धरलेली नाही. आमच्या चुलत आजोबांकडं होती ती ठासणीची बंदूक, निवडणूक आली की ठाण्यात जमा व्हायची. तिच्यात दारू आणि छर्रे तोंडाकडूनच ठासायचे. पुंगळीच नाही, तर अडकणार काय? तरी दादांनी विचारलं, "गरम असताना अडकू राहिली का थंड असताना? आणि आधी पुंगळी दाखव. रायफल नंतर."

पुंगळीनं सगळं सांगितलं. बार होतो तेव्हा आतला दाब प्रचंड असतो. या रायफलीच्या काडतुसाला युरोपीय मानकात ३,८०० बारपर्यंत मुभा आहे (हा 'बार' म्हणजे दाब मोजायचं एकक). मोटारीच्या चाकात दोन-अडीच बार असतात, यावरून अंदाज करा. त्या दाबानं पितळ फुगून चेंबरच्या भिंतीला चिकटतं आणि दाब उतरला की किंचित आकसतं. तेवढ्या आकसण्यावर ती सुटते. भिंत खरखरीत असेल तर पितळ त्या खड्ड्यांत घुसतं आणि धरून बसतं. आमच्या पुंगळीच्या एका बाजूला बारीक पुळ्या आणि लांबट ओरखडे होते. प्रायमर (पुंगळीच्या बुडातली, ठिणगी देणारी टिकली) मात्र चपटा झालेला नव्हता, म्हणजे काडतूस जास्त दाबाचं असल्याचं लक्षण दिसत नव्हतं. बुडाच्या कडेला आकड्यानं ओरबाडल्याची खूण होती. म्हणजे आकडा ओढत तरी होता. पुंगळीच सुटत नव्हती.

मूठ उचलली की तिच्या बुडाचा उतार रायफलीच्या मागच्या पुलावर (बोल्ट ज्यातून सरकतो त्या सांगाड्याच्या मागच्या भागावर) घासत बोल्टला थोडंसं मागं रेटतो, पुंगळीला पहिला हिसका तिथंच बसतो. हाच तो पुलर! हे दाखवल्यावर दादा हसले आणि लगेच बजावलं, "मळ काढ, धातू काढू नको."

तसंच केलं. एक्स्ट्रॅक्टर फिरवून पुढं सरकवून काढला. आकड्याखाली काजळी आणि पितळेचा चुरा दाबून बसलेला, त्यामुळं तो कडेवर पुरता बसतच नव्हता. आकड्याच्या टोकाचा एक कपचा उडालेला होता. त्याचं कारण मला आजोबांच्या सवयीत सापडलं. ते निशाणीच्या मैदानावर एकेक काडतूस हातानं थेट चेंबरमध्ये टाकतात आणि बोल्ट दणकन लावतात. माउझरमध्ये काडतुसानं मॅगझिनमधून वर येत आकड्याखाली सरकायचं असतं. थेट टाकलं की आकड्याला कडेवरून उडी मारावी लागते. हे मी त्यांना कळकळीनं सांगितलं.

चेंबरमध्ये वर्षानुवर्षांचं तेल वार्निशसारखं वाळलेलं होतं. सॉल्व्हंट, ब्रश, फडकं, पुन्हा फडकं, दोन संध्याकाळी गेल्या. मळ निघाल्यावर खाली गंजाचे बारीक खड्डे दिसले. जुन्या प्रायमरमध्ये पोटॅशियम क्लोरेट असायचं. ते जळल्यावर मिठासारखा क्षार उरतो, हवेतलं पाणी ओढतो आणि पोलाद खातो. त्या खड्ड्यांना आम्ही हात लावला नाही. ते काम गावातल्या बंदूक कारागिराचं. त्यानं हलकं पॉलिश केलं, आकडा बदलला आणि हेडस्पेस (चेंबरमधलं काडतूस आणि बंद बोल्ट यांतली जागा) गेजनं मापून दिलं.

तेलाचं मात्र मी आजोबांना दोनदा सांगितलं. गंज नको म्हणून चेंबरला तेल लावून ठेवलं तर बार करण्याआधी पुसून कोरडं करायचं. तेलकट भिंतीला पुंगळी धरत नाही आणि सगळा धक्का बोल्टवर येतो.

सप्टेंबरच्या आधी आजोबा मूसच्या पळत्या पुतळ्यावर सराव करायला मैदानावर गेले, मी बरोबर होतो. अंतर ८० मीटर. काडतुसं मॅगझिनमधून भरली. पाच बार, पाच पुंगळ्या गवतात. मूठ दोन बोटांनी उचलली जात होती. मी त्यातली एक पुंगळी फुटपट्टीशेजारी ठेवून दादांना फोटो पाठवला. त्यांचा लगेच फोन आला.

"चेंबर कोरडं होतं ना?"

होतं.