तापाराकू

काल रात्री ट्यूबलाइटशेजारी भिंतीवर तळहाताएवढं तपकिरी पाखरू, म्हणजे पतंग, येऊन बसलं. झाडू घेऊन उठले खरी, पण हात थबकला. पेरूतल्या केचुआ भाषेत असल्या मोठ्या पाखराला 'तापाराकू' म्हणतात. ते घरात शिरलं की घरातलं कुणीतरी जाणार, असं तिथे मानतात.

स्पॅनिशांनी जिंकण्याआधी पेरूवर इंकांचं राज्य होतं. त्यांच्या अपशकुनांची यादी आपल्यापर्यंत आली ती स्पॅनिश पाद्र्यांच्या कृपेने. 1585 साली तिथल्या लिमा शहरात या पाद्र्यांसाठी एक पुस्तक छापलं गेलं. लोकांच्या कुठल्या समजुती मोडून काढायच्या, ते त्यात होतं. साप, सरडे, कोळी, बेडूक, मोठ्या अळ्या, पाखरं, कोल्हा आडवा आला की अशुभ. घुबड ओरडलं, कुत्रं रडलं, तरी अशुभ. पुसायला निघालेल्यांनीच जपून ठेवलं, म्हणायचं!

यादी वाचताना वाटतं, यात प्यूमा कसा नाही? काँडोर, ते तिथलं अजस्र गिधाड, कुठे आहे? पण तो मान त्यांचा नाहीच. धडकी भरवायची ती कोपऱ्यातल्या कोळ्याने. काही भविष्यवेत्ते तर झाकलेल्या भांड्यात कोळी पाळत. झाकण काढल्यावर एखादा पाय आखडलेला दिसला, की कौल वाईट.

मोठा पक्षी अपशकुनी ठरला, तोही दुबळा होऊन. ही गोष्ट गार्सिलासो या इतिहासकाराची. आई इंका राजघराण्यातली, बाप स्पॅनिश, जन्म 1539चा, इंकांच्या राजधानीतला, कुस्कोतला. सम्राट वायना कापाकच्या काळात सूर्याच्या उत्सवात ससाण्यांनी पिटाळलेला एक गरुड भर चौकात कोसळला. अंगावर खरूज, बारीक पिसं जवळजवळ झडलेली. लोकांनी त्याची शुश्रूषा केली, पण काही दिवसांत तो मेला. ज्योतिषी म्हणाले, राज्य बुडणार. मात्र हे छापून आलं 1609 साली, राज्य बुडून पाऊणशे वर्षं उलटल्यावर. अपशकुन बहुधा असेच मागाहून आठवतात.

मला जास्त कापरं भरतं ते पाचाकुती यामकी या तिथल्याच बखरकाराच्या गोष्टीने. काळ्या झग्यातला एक दूत याच सम्राटाला कुलूपबंद पेटी देतो. उघडताच आतून फुलपाखरांसारखं काहीतरी फडफडत बाहेर पडतं आणि दिसेनासं होतं. मग साथ येते, माणसं पटापट मरतात. साथ खरीच होती. बहुधा देवीची. स्पॅनिश फौजेच्या आधीच ती तिथे पोचली होती, आणि 1527च्या सुमारास सम्राटही गेला, बहुतेक तिच्यातच.

उतारेही होते. साप दिसला तर मारून त्यावर लघवी करायची आणि डाव्या पायाने तुडवायचं. घुबड ओरडलं तर कोका नावाच्या झुडपाची पानं वगैरे वाहून मागणं मागायचं, की जे काही वाईट होणार असेल ते माझ्या शत्रूचं होवो.

हा उपाय मला फारच व्यवहारी वाटला. कोका नव्हता, चहापत्ती होती. पण शत्रू म्हणून कुणाचं नाव घ्यावं? वरच्या मजल्यावरचे, की गेल्या वर्षी पैसे नेलेले ते? एकही नाव पक्कं होईना. तेवढ्यात पाखरू खिडकीतून निघूनही गेलं.