घोड्याआधी जॉकी बघायचा

आज पंचवटी एक्सप्रेसने मुंबईत महालक्ष्मीला गेलो घोड्यांच्या रेसला, मित्र नाशिकपासून दादरपर्यंत नुसती घोड्यांची खानदानं सांगत होता, मी मात्र रेसबुकात आधी जॉकीचं, म्हणजे घोडा पळवणाऱ्या स्वाराचं, नाव बघतो. काही जॉकी गेट उघडलं की सुसाट पुढे, १००० मीटरला असाच पाहिजे, पण २४०० ला तोच जॉकी घोड्याला आधीच दमवून ठेवतो, तिथे मागे दबा धरून बसणारा थंड डोक्याचा हवा. अ‍ॅप्रेंटिस म्हणजे शिकाऊ जॉकी पोरांना वजनात सूट मिळते, घोड्यावर ओझं कमी, म्हणून लोक तुटून पडतात, पण रेलिंगला गर्दीत अडकला की ती सूट काय चाटायची? सुप्रीम कोर्टाने १९९६ मध्ये रेस हा कौशल्याचा खेळ मानला तो घोडा आणि जॉकी दोन्ही धरूनच ना! बाकी मित्राचा खानदानी घोडा सहावा आला 😄